गोष्टीतल्या गरिबांना आडनावं देताना

माझ्या नातीच्या राज्यात राजाचं नाव ओळभर लांब होतं आणि त्याच्या भाल्याला धार लावणाऱ्या माणसाला नावच नव्हतं. तो नुसता ‘लोहार’. त्याची बायको ‘लोहारीण’. राजवाड्यात दहा पानं चालणारी मेजवानी, आणि जिनं ती रांधली ती ‘एक म्हातारी’.

नात अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. आठवडाभर होस्टेलवर असते आणि शनिवारी घरी येते. अभ्यास कधी करते ते मला दिसलेलं नाही. पण मोबाईलवर ती एक गोष्ट लिहिते, कुठल्याच नकाशात नसलेल्या राज्याची. त्यात गड आहेत, घोडदळ आहे, विष पचवणारी राणी आहे, आणि माणसाला पाठीवर घेऊन उडणारी एक घार आहे. गोष्ट भागाभागानं येते, खोट्या नावानं. कुणीही मोबाईलवर फुकट वाचावी. वाचणारे खाली आपलं मतही लिहितात. त्यातल्याच एकानं तिला विचारलं होतं, “तुमच्या राज्यात राजघराणी सोडून बाकीच्यांना आडनावं नसतात का?”

ते तिला फार लागलं. तिनं लगेच आडनावं पाडली. लोहाराला ‘वज्रहस्ते’, कुंभाराला ‘तेजोधर’, आणि मेंढ्या वळणाऱ्याला ‘रणकेसरी’. मला वाचून दाखवली तेव्हा मी एवढी हसले की कवळी हातात धरावी लागली.

“आजी, हसू नको. कुंभाराला काय आडनाव देऊ ते सांग.”

“तू कोण देणारी त्याला? राजा आपलं नाव आपण घेतो. गरिबाला शेजारी देतात.”

“म्हणजे?”

आम्ही ओट्यावर पावटा सोलत बसलो होतो. माझ्या हातात शेंगा आणि समोर ऐकणारं माणूस असलं की माझं तोंड थांबत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी तिला आमच्या गावाचं सांगायला बसले.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, डोंगराच्या अंगाला, भातखाचरांचं. तिथं घरागणिक आडनाव वेगळं. आडनाव सांगितलं की माणूस बरोबर त्या दारात जाऊन उभा राहायचा. लग्न होऊन इकडे नारायणगावच्या बाजूला आले, तर इथं चार घरं सोडून सगळ्या गावाचं आडनाव एकच. पोस्टमन नवा आला की रडकुंडीला येतो. त्यामुळे इथं आडनाव कागदावर राहतं आणि बोलण्यात घराला दुसरी नावं असतात. दोन असतात. एक समोरचं आणि एक मागचं. समोरचं नाव झाडावरनं किंवा जागेवरनं पडतं. आम्ही बाभळीचे, कुणी टेकाडावरले, कुणी वरल्या मळ्यातले. ते हाक मारून घ्यायचं. मागचं नाव मात्र कुणा तरी पणजोबानं एकदाच केलेल्या एखाद्या करणीवरनं पडलेलं असतं. करणी त्याची, आणि नाव पतवंडांपर्यंत. ते सगळ्या गावाला ठाऊक असतं, फक्त त्या घरासमोर काढायचं नसतं.

“आपलं मागचं नाव काय?” नातीनं विचारलं.

“आपल्याला नाही,” मी म्हटलं. “आपण सरळ माणसं.”

मग मी तिला एकेक नाव हातवारे करून सांगितलं. बैल विकल्यावर बाजारात बसून रडला त्याचे ‘बैलरडे’. वसुलीवाला आला म्हणून कणगीत लपला आणि शिंकला, त्याचे ‘कणगीतले’. आणि ‘दिवाइझवे’, ते आमच्या बांधालगतचेच, पण तेवढं मी तिला सांगितलं नाही. त्यांच्या कुणा पूर्वजाकडे दिवेलागणीला पाहुणे आले. ह्यानं त्यांना लांबूनच पाहिलं, फुंकर मारून दिवा मालवला आणि बायकापोरांना गप्प बसवून अंधारात बसला. घरात कुणी नाही असं समजून पाहुणे माघारी गेले. मी ओठांचा चंबू करून फुंकर मारूनही दाखवली.

नात हसली नाही. तिनं विचारलं, “पण का मालवला असेल?”

“चिक्कू असेल. आणखी काय?”

ती मोबाईलवर बोटं चालवत राहिली. तिला नावं घासूनपुसून घ्यायची सवय आहे. ‘दिवाइझवे’चं तिथल्या तिथं ‘दिवेमालवे’ झालं आणि ‘कणगीतले’चं ‘कणगीकर’. मला वाटलं, छान, पोरीचं काम झालं. तिची गोष्ट वाचणारे असतील पुण्याचे, मुंबईचे, नाहीतर कुठले. त्यांना काय कळणार आमच्या बांधालगत कोण राहतं ते?

इथं माझ्या जुन्या अवताराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नातीला हे खूळ कुठून आलं असं घरात विचारतात. मी लग्न होऊन आले तेव्हा जुनी अकरावी झालेली होते आणि त्याचा मला भयंकर ताठा होता. आता आठवलं की तिला, म्हणजे त्या वेळच्या मला, मी ‘ती शहाणी’ म्हणते. ती शहाणी गोठ्यात बसून गोष्टी लिहायची. तिच्या गोष्टीतल्या सगळ्यांना शहरातली भारी आडनावं. सगळ्यांचे बंगले, आणि सगळे उठल्यासुटल्या कॉफी पिणार. तिनं बंगला पाहिला नव्हता. कॉफी एकदा प्यायली होती, ती ओकून टाकली होती. तिच्या गोष्टीत शेण काढणारं माणूस नव्हतं, आणि ती स्वतः ते काढता काढताच लिहीत होती. अशी ती शहाणी! कागद पुढं चुलीत गेले ते बरंच झालं.

तर, पावटा सोलल्याला आठवडाच उलटला असेल. दुपारी जाऊबाई आल्या.

ह्या जाऊबाई सख्ख्या नव्हेत, भावकीतल्या. त्यांचं घर म्हणजेच बांधापलीकडचे दिवाइझवे. माझ्याहून थोड्या मोठ्या आहेत. मी त्यांना ‘बाई’ म्हणते, त्या मला ‘धाकले’ म्हणतात. त्यांच्या डोळ्यांचं काम आता नावापुरतं उरलंय. पण जेवण झालं की काठीनं पाटाचा काठ चाचपत, बांधावरून माझ्या ओट्यावर येतात. आम्ही मिश्री लावतो आणि मेलेल्या माणसांच्या चहाड्या करतो. जिवंतांच्या करायला तरण्या बायका आहेत. आमच्या वेळची माणसं आठवणारं दुसरं कुणी मला उरलेलं नाही. माझी सासू कशी चालायची, हे मी आता कुणाला करून दाखवू आणि कोण हसणार? ती दुपार काढून घेतली तर माझा दिवस नुसता औषधाच्या गोळ्यांपुरता राहील.

त्या दिवशी त्या बसता बसताच म्हणाल्या, “धाकले, आमची नातसून मोबाईलवर एक गोष्ट वाचती. टमाटी निवडताना मोठ्यानं वाचती आन आमी समद्या ऐकतो. लई भारी हाय बया! एक राणी हाय, ती इख पिती आन ढेकर देती.”

माझा हात तोंडातच राहिला.

“आन त्यात आता गरिबांची नावं बी यायला लागल्यात,” त्या म्हणाल्या. “एकाचं नाव कणगीकर. कणगीत लपला म्हून. मी म्हनलं, हे तर आपल्या गावातच झालंय की!”

“असेल कुठंतरी दुसरीकडं पण,” मी म्हटलं.

“आसंल,” म्हणून त्या मिश्री थुंकल्या.

त्यांच्या घरात एक मुलगा आहे. मुलगा म्हणजे पन्नाशीचा बाप्या, नातवंडं आहेत त्याला. माणूस कष्टाळू, पण मनाला लावून घेणारा. मागं एका लग्नात कुणीतरी माईकवर त्याच्या घराच्या मागच्या नावावरनं हळूच चेष्टा केली. तेव्हापासून त्या चेष्टा करणाऱ्याच्या घराकडं जाणारी आपल्या शेतातली वाट त्यानं बाभळीच्या काट्या टाकून बंद केलीय. भांडण नाही, शिवी नाही, नुसत्या काट्या. त्या अजून तिथंच आहेत. आमच्या दोन घरांतल्या बांधावर त्यानं तशाच काट्या टाकल्या, तर निम्मी आंधळी म्हातारी माझ्याकडं येणार कुठून? रस्त्यानं येऊन पडली म्हणजे?

जाऊबाई गेल्याबरोबर मी नातीला फोन लावला. रविवार होता, ती होस्टेलकडं निघालेली. कळंबच्या फाट्यावर जीप थांबली होती आणि मागं हॉर्नचा नुसता गोंधळ.

“ते दिवेमालवे घातलेस का तू कुठं?”

“घातले की. आज सकाळीच टाकला तो भाग. का गं?”

“काढ तो.”

“काढ काय, आजी! तू तर म्हणालीस जुनी नावं आहेत.”

“जुनीच आहेत. माणसंही जुनी आहेत, पण अजून मेलेली नाहीत. बांधापलीकडं त्यांच्याच घरात वाचतात गं तुझी गोष्ट!”

 मग तिचा आवाज आला, एकदम लहानपणीसारखा. “बांधापलीकडचे? ते काका? आजी, तू मला सांगितलं का नाहीस?”

“मला काय माहीत, राणीचा ढेकर इथपर्यंत ऐकू येईल?”

“बदलते मी नाव. आत्ता बदलते. पण त्यांनी डाऊनलोड केला असेल तर तो तसाच राहणार.”

मला डाऊनलोडचं विशेष कळत नाही, पण एवढं माहीत होतं की टोमॅटोच्या शेडमध्ये रेंज नसते. म्हणून त्यांची नातसून नवा भाग आला की लगेच घरातच मोबाईलमध्ये भरून घेते. म्हणजे हा दिवा आता कितीही फुंकर मारली तरी विझणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी टोमॅटोचा तोडा होता, माल काढायचा दिवस. मी जेवणही नीट केलं नाही. काठी घेतली आणि उलटी वाट धरली, मीच बांधावरून पलीकडं गेले. शेडमध्ये टोमॅटोचा ढीग होता आणि भोवती क्रेट. लाल माल एकीकडं, रंग धरलेला एकीकडं, नरम पडलेला बाजूला. जाऊबाईंना रंग दिसत नाही, म्हणून त्या फक्त नरम माल वेगळा काढतात. त्यांचा अंगठा चुकत नाही. कामाला आलेल्या दोघी बायका होत्या, आणि नातसून. तिनं मोबाईल पालथ्या क्रेटवर उभा केलेला.

“आगं बया, आज पावलं हिकडं?” जाऊबाई म्हणाल्या. “बस. गोष्ट ऐक.”

“गोष्ट कसली? त्यापेक्षा भजन म्हणू या,” मी म्हटलं.

“तुला कवाधरनं भजन?” दोघी बायका हसायला लागल्या. “देवळात झोपा काढती, आन हितं भजन!”

मग मी मला चक्कर येतेय असं म्हटलं. नातसुनेनं तांब्याभर पाणी आणून दिलं, पदरानं वारा घातला आणि वारा घालता घालता वाचायला लागली. मी म्हटलं, डोळ्यांना त्रास होतो गं बाई मोबाईलचा. ती म्हणाली, मला नाही होत आजी. मी पायानं एक क्रेट सारला, वाटलं कलंडेल. तोही भरलेला निघाला, हालला नाही. माझा अंगठा मात्र आठ दिवस दुखत होता.

आणि ती ओळ आलीच. “घाटाच्या पायथ्याशी दिवेमालव्यांचं घर होतं.”

नातसून अडखळली. ती ह्याच घरात सून होऊन आलेली, घराचं मागचं नाव तिला माहीत असणारच. दोघी बायकांनी माना खाली घातल्या आणि टोमॅटो असे निवडायला लागल्या जणू त्यात सोनं आहे. मी जाऊबाईंकडं बघितलं. त्यांचा अंगठा एका टोमॅटोवर थांबला होता.

“वाच पुढं,” त्या म्हणाल्या.

पुढं नातीनं काय लिहिलं होतं ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, मी सांगितलं तसंच असणार. कवडीला कवडी जोडणारा माणूस, फुंकर, हशा. पण तसं नव्हतं. दुष्काळाचं साल होतं. राजाचे दोन स्वार रात्रीच्या मुक्कामाला दार शोधत येत होते. दिवेमालव्यांच्या घरात त्या दिवशी मडक्यात काही नव्हतं. पाहुण्याला उपाशी झोपवायचं, किंवा काही नाही असं तोंडानं सांगायचं, ह्या दोन्हींपेक्षा बाईनं दिवा मालवला. मुलांना कुशीत घेतलं. स्वार अंगणात आले. घोडा फुरफुरला. तेवढ्यात धाकट्या पोराला खोकला आला. त्यानं तोंडात आईच्या पदराचा बोळा कोंबून घेतला, पण खोकला ऐकू गेला. एक स्वार दाराबाहेर उभा राहिला. त्याला कळलं. तो काही न बोलता परत गेला, आणि त्यानं गावात सांगितलं. तिथून त्यांना हे नाव पडलं. भाग तिथं संपला होता.

 नातसुनेनं मोबाईल पालथा ठेवला.

मी निघाले तेव्हा जाऊबाई माझ्याबरोबर बांधापर्यंत आल्या. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, “तुझी नातच लिवती न्हवं ती?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्या राणीची चाल तुझ्या सासूची हाय. ढेकर बी तिचाच. मी काय आज ऐकती व्हय!”

मला कुठं तोंड लपवू असं झालं. मी म्हटलं, “बाई, नाव मीच सांगितलं तिला. मला वाटलं नव्हतं...”

“आमाला काय आमचं नाव म्हाईत न्हाई? सासू रोज संध्याकाळी दिवा लावताना म्हनायची, आपल्या दारातला दिवा लवकर लावायचा, लोकं बघत्यात.” त्या काठीनं पाटातलं पाणी ढवळत होत्या. “तुमच्या घराला काय म्हनत्यात, म्हाईत हाय का तुला?”

“बाभळीचे.”

“ते म्होरं. मागं?”

“आम्हाला मागचं नाही.”

त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी सांगितलं. मी नवी नवरी म्हणून पहिल्यांदा विहिरीवर गेले होते. तिथं बायकांनी विचारलं, कुणाची गं तू? आता ह्याचं साधं उत्तर होतं, बाभळीच्यांची. पण ती शहाणी अकरावी झालेली ना! तिनं हंडा खाली ठेवला, पदर सारखा केला, आणि शाळेत हजेरी देतात तसं आपलं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, असं ठासून सांगितलं. विहिरीवरच्या एकूण एक बाईचं आडनाव तेच! त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे ‘आडनाववाले’. पन्नास वर्षं झाली असतील. माझी सासू त्या नावानं मेली, नवरा त्या नावानं गेला, आणि मला पत्ता नाही.

“समदी म्हनत्यात?” मी विचारलं.

“देवळातला पुजारी बी.”

एरवी मी दोन दिवस जेवले नसते. पण त्या घडीला मला त्याचं काही वाटायलाही वेळ नव्हता, कारण जाऊबाईंचं हसणं थांबलं होतं. “माझं सोड गं,” त्या म्हणाल्या. “पर माझ्या पोराचं अवघड हाय. शाळंत त्यो वर्गात गेला की पोरं समदी मिळून ‘फू’ करायची. मास्तर बी हसायचा. एकाचं डोकं फोडलं आन परत शाळंत गेला न्हाई. कुनाला सांगत न्हाई त्यो. संध्याकाळी येईल मार्केटातनं. सुनंच्या तोंडावरनं वळखंल काय तरी झालंय.”

“मी येऊ का?”

“ये. न्हाईतर उद्या तुला वाटंवर काट्या दिसत्याल.”

मी घरी कुणाला सांगितलं नाही. दिवेलागणीच्या आधी पुन्हा बांध ओलांडला. तो नारायणगावहून नुकताच आला होता. पिकअप दारात, रिकामे क्रेट अजून उतरवायचे होते. तो कॉटवर बसला होता, चष्मा लावून, आणि सुनेचा मोबाईल त्याच्या हातात होता. मला बघून ‘या’ म्हटलं नाही. ‘बसा’ही नाही. जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या; गोष्ट कोण लिहितं ते त्यांनी त्याला सांगितलेलं दिसत होतं. मी त्यांच्याजवळ बसले. नातसून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

त्याला वाचायला वेळ लागत होता. ओठ हलत होते. मध्येच बोट लागून पान वर सरकायचं, मग तो पुन्हा मागं जायचा. कुठपर्यंत आला ते कळायला मार्ग नव्हता. मी त्याच्या कपाळाकडं बघत होते. शाळेतलं पोरगं कसं दिसत असेल ते त्या कपाळात शोधत होते, आणि मी मारून दाखवलेली फुंकर मला आठवत होती.

“मोठ्यानं वाच की,” जाऊबाई म्हणाल्या.

 शेवटी त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, आणि माझ्याकडं बघून विचारलं, “काकी, ह्या पोराचं फुडं काय व्हतं?”

“कुठल्या?”

“खोकला आला त्याचं. बाप मारतो का त्याला?”

मला काय माहीत? मी तसं सांगितलं. तो म्हणाला, “मग लावा फोन तिला.”

नातसुनेनं नंबर लावून दिला. स्पीकरवर टाकला. नातीनं फोन उचलला तो रडवेल्या आवाजातच. “काका, मी बदललंय नाव. खरंच बदललंय. सॉरी. मला माहीत नव्हतं...”

“नाव तू दिलंयस व्हय?” तो म्हणाला. “नाव ऱ्हाऊ दे, आदी व्हतं तेच घाल. पोराचं सांग.”

“ते... ते अजून ठरवलं नाही, काका.”

तो थोडा वेळ फोनकडं बघत राहिला, जणू ती आत दिसतेय. “ठरवशील तवा जरा बघ,” तो म्हणाला. “बाप मारत न्हाई त्याला. त्योबी अंधारातच बसल्याला आसतो की.”

तिकडून ‘हो’ आलं, फार हळू. नातसुनेनं फोन बंद केला.

मी उठले. बाहेर अंधारून आलं होतं. तो बॅटरी घेऊन माझ्यापुढं चालायला लागला, मला न विचारता.  त्याच्या मनात काय आहे ते मला पाठीवरून काही कळेना. राग गेला असं म्हणावं तर तो एकदाही हसला नव्हता, आणि राग आहे म्हणावं तर बॅटरीचा उजेड तो माझ्या पायांखाली धरत होता. आमच्या शेताच्या कडेला तो थांबला.

“आईला दुपारचं ऊन सोसत न्हाई,” तो म्हणाला. “ती न्हाई येनार आता तुमच्याकडं.”

मी वळून त्यांच्या घराच्या दिव्याकडं बघितलं.

“तुमी येत जा,” तो म्हणाला, आणि वळला.

ही शिक्षा होती की आमंत्रण, ह्यावर मी विचार करत राहिले. माझ्या सुनेला विचारलं, तर ती म्हणाली तुम्हीच गावाचं सगळं ओळखता, तुम्हीच ओळखा. नातीला विचारलं, तर ती म्हणाली, आजी, मला तो भाग लिहायचाय आणि माझा हात चालत नाहीये. म्हणजे दोघी एकाच माणसाला घाबरून बसलो होतो, ती अवसरीत आणि मी इथं.

तिनं भाग टाकला तो पुढच्या तोड्याच्या दिवशी सकाळी. मला वाचून दाखव म्हटलं, तर म्हणाली, नको, तू तिथंच ऐक. जेवण झालं तशी मी निघाले. हा एवढासा बांध इतक्या वर्षांत मला कधी लांब वाटला नव्हता, त्या दिवशी वाटला. तो विहिरीजवळ मोटरीपाशी वाकून काही करत होता. मी दिसले तसा म्हणाला, “वल हाय पाटाला, जपून.” आणि पुन्हा वाकला.

शेडमध्ये मला बसायला पालथा क्रेट मिळाला. जाऊबाईंनी टोमॅटोचा एक ढीग माझ्यापुढं लोटला. “फुकट ऐकायला मिळायचं न्हाई, आडनाववाले,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच तोंडावर. दोघी बायका पदरात तोंड घालून हसल्या. मी नरम माल वेगळा काढायला लागले, आणि माझ्या अंगठ्याला एकही नरम कळेना.

नातसुनेनं मोबाईल पुसला आणि घसा साफ केला. माझे हात थांबले. जाऊबाईंचेही थांबले. बाहेर मोटरीचा आवाज चालू होता. विहिरीपाशी त्यानं ती बंद केली.